घ्राणेंद्रियातील विकरे : रक्षक आणि भक्षकही

पंचज्ञानेंद्रियांपैकी घ्राणेंद्रियाची उपेक्षा सर्वात अधिक होते. दृष्टी मंदावली की चष्मा येतो, ऐकू येईनासे झाले की घरातील माणसांच्या ते तत्काळ ध्यानात येते. परंतु वास येईनासा झाला म्हणून दवाखान्याची पायरी चढणारे विरळाच. २०२० व २०२१ या वर्षांतील कोविड-१९ च्या साथीने ही स्थिती काहीशी पालटली. फोडणीचा वास नाही, उदबत्तीचा नाही, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचाही नाही, असा अनुभव असंख्य लोकांना आला आणि नाहीसे झाल्यावरच या इंद्रियाचे मोल त्यांना उमगले.

गंधज्ञान ही केवळ सुखाची बाब नव्हे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन हे उग्र दर्पाचे द्रव्य मुद्दाम मिसळण्यात येते. घराघरांत पोहोचलेल्या या इंधनाची सुरक्षितता, घरातील निदान एकाचे तरी नाक शाबूत आहे, या गृहीतावर बऱ्याच अंशी अवलंबून आहे. आंबलेले अन्न, जळणारी विजेची तार, धुमसणारी गंजी यांची पहिली वर्दीही नाकच देते. म्हणून नाकातील गंधग्राही ऊतकास रसायनांमुळे इजा कशी होते, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

गेल्या काही दशकांतील संशोधनाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते काहीसे अनपेक्षित आहे. अनेक रसायने ज्या रूपात नाकात शिरतात त्या रूपात फारशी घातक नसतात. शरीराच्या रक्षणासाठी नाकात जी विकरे, म्हणजेच एंझाइमे असतात, तीच या रसायनांचे विषात रूपांतर करतात. रक्षकाचाच भक्षक व्हावा असा हा प्रकार आहे. तो कसा घडतो आणि त्यापासून कोणता बोध घ्यावयाचा, हे पुढे पाहू.

गंधपटलाची रचना

वास येण्याचे कार्य संपूर्ण नाक करीत नाही. नासागुहेच्या अगदी वरच्या भागात, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येणाऱ्या छताशी, काही चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे एक पातळ पटल असते. हेच गंधपटल होय. नाकाच्या उरलेल्या भागातील श्लेष्मल अस्तराचे काम हवा गाळणे, ती ओलसर व उबदार करणे एवढेच असते.

गंधपटलात मुख्यतः चार प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या चेतापेशी. माणसात त्यांची संख्या सुमारे ६० लाख ते १ कोटी असते. त्यांच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म तंतूंवर गंधरेणू ओळखणारी ग्राहक प्रथिने असतात. या प्रथिनांच्या जनुकांचा शोध रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९१ साली लावला आणि त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसऱ्या आधारपेशी. चेतापेशींना उभे ठेवणे व त्यांचे पोषण करणे हे त्यांचे काम. तिसऱ्या तळपेशी. शेतात रोपांची वाफ असते त्याप्रमाणे या पेशींपासून नव्या चेतापेशी तयार होत राहतात. चौथ्या बोमन ग्रंथींच्या पेशी. पटलाखाली असलेल्या या ग्रंथी सतत स्राव सोडून पटल ओले ठेवतात, कारण गंधरेणू या ओलाव्यात विरघळल्यावाचून चेतापेशींपर्यंत पोहोचत नाहीत.

या चौघींपैकी वास ओळखण्याचे श्रेय चेतापेशींना मिळते; परंतु रसायनांच्या इजेच्या संदर्भात खरे महत्त्व आधारपेशी व बोमन ग्रंथी यांना आहे. चयापचय घडविणारी बहुतेक विकरे याच दोन ठिकाणी दाटीने असतात. कोविडच्या बाबतीतही विषाणूला शिरकाव देणारी प्रथिने आधारपेशींवर आढळली, चेतापेशींवर नव्हे, हे २०२० मध्ये दिसून आले. आधारपेशी ढासळल्या की चेतापेशींचे कामही कोलमडते.

विकरांचे कार्य

विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग वाढविणारे प्रथिन. भाकरीचा घास पुष्कळ वेळ चघळला की गोड लागू लागतो, कारण लाळेतील विकर पिष्टाचे शर्करेत रूपांतर करते. हा प्रयोग शाळेत सर्वांनीच केलेला असतो. परंतु सर्वच विकरे अन्नपचनासाठी नसतात. शरीरात शिरलेली परकी रसायने बाहेर घालविण्यासाठी विकरांची एक स्वतंत्र फळी असते आणि तिचे प्रमुख केंद्र यकृत हे होय.

या फळीचे काम साधारणपणे दोन टप्प्यांत चालते. बहुतेक परकी रसायने तेलात विरघळणारी असल्याने ती मूत्रावाटे सहज बाहेर पडू शकत नाहीत. पहिल्या टप्प्यात सायटोक्रोम पी-४५० या कुलातील विकरे त्या रसायनात ऑक्सिजनचा एक अणू बसवितात. त्यामुळे रेणूला धरण्याजोगी एक मूठ मिळते असे म्हणता येईल. दुसऱ्या टप्प्यात अन्य विकरे त्या मुठीला ग्लुटाथायोन किंवा ग्लुकुरोनिक आम्ल यांसारखा जलविद्राव्य रेणू जोडतात. असा जोडरेणू पाण्यात विरघळून शरीराबाहेर टाकला जातो. पी-४५० हे नाव ओमुरा व सातो या जपानी शास्त्रज्ञांच्या संशोधनामुळे १९६२ पासून रूढ झाले. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाल्यावर हे प्रथिन ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश विशेषेकरून शोषते, यावरून ते पडले आहे. माणसात या कुलाची ५७ जनुके आहेत.

यकृताखालोखाल ही विकरे जेथे विपुल आढळतात अशा स्थानांत गंधपटलाची गणना होते. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या गंधपटलात काही रसायनांवरील क्रिया यकृतापेक्षाही अधिक वेगाने चालते. हाताच्या नखाएवढ्या पटलात एवढी सामग्री कशासाठी, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याची दोन कारणे संभवतात. श्वासाबरोबर येणारी बाष्पे व वायू यांचा पहिला मारा नाकावरच होतो. शिवाय गंधपटलातील चेतापेशींची टोके बाहेरच्या हवेला भिडलेली असून त्यांची दुसरी टोके थेट मेंदूत जातात. या मार्गाने विष आत जाऊ नये म्हणून नाक्यावरच पहारा हवा. दुसरे कारण असे की, एक वास ओळखला गेल्यावर तो रेणू तेथून हटविला नाही तर पुढचा वास कळणार नाही. पाटी पुसल्याशिवाय नवी अक्षरे लिहिता येत नाहीत, तसेच हे आहे.

परंतु या व्यवस्थेत एक कच्चा दुवा आहे. पहिल्या टप्प्यात तयार होणारा मधला पदार्थ कधीकधी मूळ रसायनापेक्षा कितीतरी अधिक क्रियाशील असतो. दुसरा टप्पा तत्परतेने पार पडला तर काहीच बिघडत नाही. मात्र पहिला टप्पा जोरात आणि दुसरा मंद अशी स्थिती झाली, किंवा ग्लुटाथायोनचा साठा संपला, तर तो क्रियाशील पदार्थ पेशीतील प्रथिनांनाच जाऊन चिकटतो आणि पेशी मरते. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना याचे एक उदाहरण परिचित असेल. पॅरासिटामॉल हे औषध योग्य मात्रेत निर्धोक आहे. परंतु फार मोठी मात्रा पोटात गेल्यास यकृतातील ग्लुटाथायोन संपते, मधला विषारी पदार्थ मोकळा राहतो आणि यकृत निकामी होऊ शकते. यकृतात जे घडते तेच, निराळ्या रसायनांच्या बाबतीत, नाकात घडते.

डांबराच्या गोळीचा धडा

महाराष्ट्रातील घरोघरी कपड्यांच्या पेटीत व कपाटात ठेवल्या जाणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांना डांबराच्या गोळ्या म्हणतात. या नावातच त्यांचा उगम सांगितलेला आहे. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणारे नॅफ्थॅलीन हे त्यांतील पारंपरिक द्रव्य होय. ते घनरूपातून थेट वायुरूपात जाते, म्हणूनच गोळी दिवसेंदिवस लहान होत जाते आणि तिचा वास खोलीत भरून राहतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या जातीच्या उंदरांना दोन वर्षे हवेतून नॅफ्थॅलीन देण्यात आले होते. हवेतील प्रमाण दहा लाख भागांत १०, ३० व ६० भाग असे होते. या उंदरांच्या गंधपटलाची मोठी हानी झाली आणि काहींच्या नाकात कर्करोगाच्या गाठी आढळल्या. २००२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थॅलीनची नोंद मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली.

ही हानी मूळ नॅफ्थॅलीनने होत नाही. पी-४५० कुलातील विकर त्याला ऑक्सिजन जोडून एपॉक्साइड नावाचा क्रियाशील पदार्थ बनविते आणि तो पेशीचा घात करतो. हे विकर नेमके कोणते, हे शोधण्यासाठी एकेक जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. २०११ साली सीवायपी-२एफ२ या विकराचे जनुक नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. त्यांची फुप्फुसे नॅफ्थॅलीनच्या इजेपासून वाचली. गंधपटल मात्र वाचले नाही. पुढे २०१४ साली सीवायपी-२ए५ हे दुसरे विकर नसलेल्या उंदरांवर तोच प्रयोग करण्यात आला, तेव्हा गंधपटलाची इजा स्पष्टपणे कमी झाल्याचे आढळले. तात्पर्य, एकाच विषाला फुप्फुसात एक विकर धार लावते आणि नाकात दुसरे. एखादे रसायन शरीराच्या कोणत्या भागास बाधेल, हे ते कोठून शिरले यापेक्षा त्याला सक्रिय करणारे विकर कोठे आहे यावर पुष्कळदा अवलंबून असते.

याच गोळीच्या संदर्भात आणखी एका विकराचा उल्लेख आवश्यक आहे. काही व्यक्तींच्या तांबड्या रक्तपेशींत ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजिनेज हे विकर जन्मतःच कमी असते. अशा तान्ह्या मुलास डांबराच्या गोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यात गुंडाळल्यास रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. बाळंतविड्याचे जुने कपडे पेटीतून काढून तसेच वापरण्याची प्रथा या दृष्टीने धोक्याची आहे. ते धुऊन, कडक उन्हात पुरेसे वाळवून मगच वापरणे श्रेयस्कर आणि त्यांत या गोळ्या न ठेवणे हे सर्वात उत्तम.

रक्तमार्गे होणारी इजा

नाकाला इजा व्हावयाची तर विष हुंगलेच पाहिजे, असा सर्वसाधारण समज आहे. डायक्लोबेनिल या तणनाशकाने तो खोटा ठरविला. स्वीडनमधील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० साली असे दाखवून दिले की, हे द्रव्य उंदरांच्या पोटात टोचले तरी त्याचा आघात नाकातील बोमन ग्रंथींवर होतो. किरणोत्सारी खूण लावलेले रेणू रक्तावाटे सर्वत्र फिरले, पण कायमचे चिकटून बसले ते गंधपटलात. पी-४५० विकरांना रोखणारे मेटिरापोन हे द्रव्य आधी दिले असता ही इजा टळली. विकर बंद, तर विषही बंद, असा हा पुरावा होता.

तरीही एक शंका उरत होती. विषारी पदार्थ यकृतात तयार होऊन रक्तावाटे नाकात येत असेल काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी तिचे निरसन केले. यकृतातील पी-४५० विकरांचे काम जनुकीय उपायाने थांबविलेल्या उंदरांतही गंधपटलास इजा झालीच. उलट सीवायपी-२ए५ हे विकर नसलेल्या उंदरांना संरक्षण मिळाले. विष जेथे बाधते तेथेच ते तयार होते, हे यावरून सिद्ध झाले. शेतात फवारणी करणाऱ्याने नाकाला फडके बांधले म्हणजे नाक सुरक्षित झाले असे नव्हे, हा यातील व्यावहारिक अर्थ आहे. त्वचेवाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेलेले द्रव्यही रक्तातून गंधपटलापर्यंत पोहोचू शकते.

एस्टर आणि दुसरे विकर

रंग, रोगण, चिकटद्रव्ये व प्लॅस्टिक यांच्या उद्योगांत एस्टर वर्गाची द्रव्ये मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. इथिल ॲक्रिलेट, मिथिल मेथॅक्रिलेट ही त्यांतील काही. कृत्रिम दातांच्या कवळ्या करताना मिथिल मेथॅक्रिलेटचाच वापर होतो. या द्रव्यांवर नाकात पी-४५० नव्हे, तर कार्बॉक्सिलएस्टरेज हे विकर क्रिया करते. ते एस्टरचे विघटन करून अल्कोहोल व आम्ल मोकळे करते. आधारपेशींच्या आत असे आम्ल साचले की त्या सुजून मरतात. प्रयोगात हे विकर रोखले असता एस्टर द्रव्यांपासून होणारी इजा घटल्याचे आढळले आहे.

मात्र याच विकराचे दुसरे रूपही ध्यानात घेतले पाहिजे. हिवताप नियंत्रणाच्या फवारणीमुळे ग्रामीण भागास परिचित असलेले मॅलेथिऑन हे कीटकनाशक पी-४५० विकरांच्या क्रियेने अधिक विषारी बनते. परंतु माणसाच्या व गुरांच्या शरीरातील कार्बॉक्सिलएस्टरेज त्याचे विघटन करून ते निष्प्रभ करते. कीटकांत हे विकर दुबळे असल्याने ते मरतात. म्हणजे जे विकर एका रसायनाचे विष करते तेच दुसऱ्याचे विष उतरविते. कोणतेही विकर मुळात चांगले किंवा वाईट नसते. त्याच्यापुढे कोणते रसायन आले आणि किती आले, यावर सर्व ठरते.

विकर जेव्हा केवळ रक्षक असते

काही रसायनांना विकरांच्या मदतीची गरज नसते. ती थेट आघात करतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नमुने टिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मलिनमधील फॉर्माल्डिहाइड हे त्याचे ठळक उदाहरण होय. येथे विकरांची भूमिका निव्वळ संरक्षकाची असते. ग्लुटाथायोनच्या साहाय्याने चालणारे एक डिहायड्रोजिनेज विकर फॉर्माल्डिहाइडचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर करीत असते. मात्र त्याच्या शक्तीला मर्यादा आहे. उंदरांवरील दोन वर्षांच्या एका प्रयोगाचे प्राथमिक निष्कर्ष १९८० साली जाहीर झाले. हवेत दहा लाख भागांत सुमारे २ भाग फॉर्माल्डिहाइड असताना नाकाच्या कर्करोगाचे एकही उदाहरण आढळले नाही, सुमारे ६ भाग असताना अगदी थोडी आढळली, तर सुमारे १५ भाग असताना जवळजवळ निम्म्या उंदरांना हा रोग झाला. धरणाच्या सांडव्याची क्षमता संपल्यावर पाणी एकदम चढावे, तसा हा प्रकार. यातील इजा मुख्यतः गंधपटलाच्या पुढील श्वसनभागास होत असली तरी विकरांची मर्यादा ओलांडल्यावर काय होते, हे त्यावरून स्पष्ट होते. २००४ साली फॉर्माल्डिहाइडला मानवात कर्करोगकारक म्हणून मान्यता मिळाली.

थेट इजेचे एक दुःखद उदाहरण कॅनडातील आहे. १९३७ साली टोरांटो येथे पोलिओची साथ असताना, विषाणू गंधपटलातून मेंदूत शिरतो या तत्कालीन समजुतीने हजारो मुलांच्या नाकात झिंक सल्फेटचा फवारा मारण्यात आला. पोलिओ त्याने टळला नाही. परंतु काही मुलांचे गंधज्ञान मात्र दीर्घकाळ हरपले. अपुऱ्या माहितीवर योजलेला उपाय रोगाइतकाच अपायकारक ठरू शकतो, याची ही साक्ष आहे.

उंदीर आणि माणूस

येथवरची बहुतेक उदाहरणे उंदरांची आहेत. ती माणसाला जशीच्या तशी लागू करता येत नाहीत. उंदराच्या नासागुहेचा सुमारे निम्मा पृष्ठभाग गंधपटलाने व्यापलेला असतो. माणसात हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो, माणूस तोंडानेही घेतो. गंधपटलातील कार्बॉक्सिलएस्टरेजची क्रिया माणसात उंदरांच्या तुलनेने मंद असते. उंदरात आढळणारे सीवायपी-२जी१ हे गंधपटलाचे खास विकर बहुतेक माणसांत निष्क्रिय झालेले आहे. त्यामुळे काही रसायनांपासून माणसाला उंदराहून कमी धोका असण्याची शक्यता आहे.

याचा अर्थ माणूस निर्धास्त राहू शकतो असा नव्हे. माणसाच्या श्वसनमार्गात, विशेषतः नाकात, सीवायपी-२ए१३ हे विकर असते. तंबाखूतील एका विशिष्ट नायट्रोसअमीनला कर्करोगकारक रूप देण्यात ते अत्यंत कार्यक्षम असल्याचे २००० साली दाखविण्यात आले. हे विकर सर्वांत सारखे नसते. काहींच्या जनुकातील लहानशा फरकामुळे त्याची क्रिया मंदावते. एकाच कारखान्यात, एकाच हवेत काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला त्रास होतो आणि दुसऱ्याला होत नाही, यामागे अशा भेदांचाही हात असू शकतो. म्हणून तक्रार करणाऱ्या कामगारास नाजूक ठरवून गप्प बसविणे शास्त्रास धरून नाही.

झीज आणि भरपाई

निसर्गाने गंधपटलाला एक दुर्मीळ देणगी दिली आहे. मेंदूतील चेतापेशी एकदा नष्ट झाल्या की बहुतांशी परत येत नाहीत. गंधपटलातील चेतापेशी मात्र तळपेशींपासून आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. मेथिमाझोल या द्रव्याने उंदरांचे गंधपटल उद्ध्वस्त झाले तरी काही आठवड्यांत ते बऱ्याच अंशी पुन्हा उभे राहते. परंतु डायक्लोबेनिलच्या मोठ्या मात्रेनंतर असे घडत नाही. ग्रंथी व तळाचा थर नष्ट झाल्याने त्या जागी व्रणाचे ऊतक किंवा साधे श्वसन-अस्तर येते आणि तेवढ्या भागातील गंधज्ञान कायमचे जाते. वरचे पीक जळले तरी बियाणे शिल्लक असेल तर शेत पुन्हा उगवते. बियाणेच गेले तर उपाय राहत नाही. म्हणून इजा वेळीच ओळखून संपर्क थांबविणे यालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

कोणती दक्षता घ्यावी

या माहितीचा उपयोग शाळा, ग्रामपंचायत व शासकीय कार्यालये या तिन्ही ठिकाणी होऊ शकतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत कोणतेही रसायन बाटलीला नाक लावून हुंगू देऊ नये. हाताने वाफ नाकाकडे वळवून हलकासा वास घ्यावयास शिकवावे. फॉर्मलिनचे नमुने हवेशीर जागी, घट्ट झाकणाच्या बरण्यांत असावेत. मुलांच्या गंधज्ञानाची साधी चाचणी घ्यावयाची असल्यास डोळे मिटून लवंग, हिंग, संत्र्याची साल, साबण यांचा वास ओळखण्यास सांगावे. अमोनियासारखे झोंबणारे द्रव्य त्यासाठी निरुपयोगी आहे. त्याची आग निराळ्या चेतातंतूंना जाणवते, त्यामुळे गंधज्ञान गेलेल्या व्यक्तीलाही ते कळते.

मुताऱ्या व स्नानगृहे यांत डांबराच्या गोळ्या टाकून दुर्गंधी झाकण्याची पद्धत सर्वत्र आहे. पाणी व स्वच्छता हाच दुर्गंधीवरचा खरा उपाय असून बंदिस्त खोलीत या गोळ्यांचा वापर शक्यतो टाळावा. घरी ठेवावयाच्याच असतील तर त्या बंद पेटीत ठेवाव्यात. निजण्याच्या खोलीत उघड्यावर ठेवू नयेत. त्यांच्याऐवजी कपडे स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यासह ठेवण्याची जुनी रीतही चालू शकते.

फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यास व मजुरास हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे की, ओले फडके किंवा साधा मुखपट्टा थेंब व धूळ काही प्रमाणात अडवतो, बाष्प अडवीत नाही. बाष्पासाठी सक्रिय कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि कामानंतर साबणाने स्नान यांना पर्याय नाही. रंगकाम व कवळ्यांचे काम चालते त्या लहान खोल्यांत हवा खेळती राहील याची व्यवस्था असावी.

मलटाकी व गटारे यांचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे. त्यांतील हायड्रोजन सल्फाइडला प्रारंभी कुजक्या अंड्याचा वास येतो. परंतु हवेतील प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले की थोड्याच वेळात नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. हा वायू पेशींच्या श्वसनास आवश्यक असलेले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकरच बंद पाडतो. वास थांबला म्हणजे वायू गेला, या समजुतीने टाकीत उतरलेल्यांचे आणि त्यांना वाचवावयास गेलेल्यांचे प्राण गेले आहेत. २०१३ च्या अधिनियमाने मलटाकीची धोकादायक सफाई माणसांकडून करवून घेण्यास मनाई केली आहे. यंत्राद्वारेच उपसा करून घेणे ही पंचायतीची जबाबदारी होय.

ज्या कुटुंबात वृद्ध व्यक्ती एकटी राहते किंवा कोणाचे गंधज्ञान गेलेले आहे, तेथे गॅसची नळी व शेगडी यांची नियमित तपासणी करून घ्यावी, रात्री सिलिंडरची कळ बंद करावी आणि शक्य असल्यास गळतीची सूचना देणारे उपकरण बसवावे. सर्दी नसताना दोन-तीन आठवड्यांहून अधिक काळ वास येत नसेल, तर ती क्षुल्लक बाब न मानता नाक-कान-घसा तज्ज्ञास दाखवावे आणि आपण कोणत्या रसायनांच्या सान्निध्यात काम करतो हे त्यांना न विसरता सांगावे. कोणतेही चालू औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

गंधपटलातील विकरे आपले काम प्रामाणिकपणे करीत असतात. समोर आलेले रसायन ओळखीचे आहे की नवे, नैसर्गिक आहे की कारखान्यातून आलेले, हा विवेक त्यांना नाही. तो विवेक माणसाने करावयाचा आहे. कोणते द्रव्य, किती प्रमाणात आणि किती काळ नाकापर्यंत पोहोचू द्यावयाचे, हे घर, शाळा, शेत व कारखाना येथे जाणीवपूर्वक ठरविले गेले, तर ही विकरे रक्षकाचीच भूमिका पार पाडतील.